शेचाळीस भोपळे आणि एक एसएसडी

आमच्या संगणकाच्या डब्यावर पुढच्या बाजूला एक नारिंगी दिवा होता, मुगाच्या डाळीएवढा. बटण दाबलं की तो आधी घाईघाईनं लुकलुकायचा, मग सेकंदाला साधारण दोनदा, आणि मधेच बराच वेळ नुसता पेटून राहायचा, आपण काय करत होतो ते विसरल्यासारखा. तो पूर्ण विझला की संगणक वापरण्याजोगा झाला असं समजायचं. याला सरासरी नऊ मिनिटं दहा सेकंद लागत. सरासरी मी काढली होती, म्हणून ती खरी असणार असं घरात सगळे धरून चालत.

"झाला का गं चालू?" माईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"अजून नाही. सहा मिनिटं झाली."

"एवढ्यात मी मुंबईचा ट्रंक कॉल जोडून दिला असता. आणि मधलं थोडं ऐकूनही घेतलं असतं."

माई म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी कोणी बोलता बोलता थांबलं की त्यांचा हात आपोआप कानाकडे जायचा. माझा नवरा उदय रत्नागिरीला नोकरीत होता आणि पंधरवड्यानं घरी यायचा. त्यामुळे घरात आम्ही दोघी आणि तो संगणक.

ही अकरा वर्षांपूर्वीची, दोन हजार चौदा सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी सांगलीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि आठ वर्षं पीएचडी करत होते. विषय तंबोऱ्याचा भोपळा. मिरजेत राहून दुसरा विषय निवडणं म्हणजे नदीकाठी राहून विहीर खणण्यासारखं, असं माझे मार्गदर्शक हेर्लेकर सर म्हणत. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. तीस जूनच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती आणि आठ वर्षं पाण्यात जाणार होती.

प्रबंध का होत नाही, याचं माझं उत्तर तयार होतं. संगणक. प्रत्येक तंबोऱ्याच्या आवाजाच्या मोठमोठ्या फायली, त्या उघडायलाच वीस वीस मिनिटं. आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली, की सगळं चुटकीसरशी होणार होतं. एसएसडीत काही फिरतच नाही, त्यामुळे ती कित्येक पट वेगानं चालते.

"मग बसव ना बाई," माई म्हणाल्या.

"भाव उतरतायत, माई. दर महिन्याला. आत्ता घेतली तर दोन महिन्यांनी पस्तावू."

"कधी घ्यायची मग?"

मी त्यांना आलेख दाखवला. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर एका जीबीचा भाव. दोन हजार बाराच्या ऑक्टोबरपासून मी तो ठेवत होते. रेषा डावीकडून उजवीकडे सुरेख उतरत होती. ती सपाट व्हायला लागली की घ्यायची, असा माझा नियम होता.

माईंनी चष्मा लावून आलेख पाहिला. "गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस, जीबीला साठ झाला की घेऊ."

"हो."

"साठ झाल्यावर म्हणालीस पन्नास."

"कारण उतार तेव्हाही तीव्र होता."

"आता पन्नासच्या खाली आलाय."

"आता चाळीस."

"म्हणजे भाव एक पायरी उतरला की तूही एक पायरी उतरतेस," माई म्हणाल्या. "दोघांची गाठ पडायची कुठे? तळघरात?"

दिवा विझला होता. मी स्टॉपवॉच थांबवलं आणि वहीत लिहिलं: नऊ मिनिटं चार सेकंद.

या वहीबद्दल थोडं सांगायला हवं. एसएसडी बसवल्यावर किती फरक पडला हे आकड्यात सांगता यावं म्हणून मी रोज सकाळी संगणक चालू व्हायला लागणारा वेळ नोंदवत होते. तारीख, वेळ, खोलीचं तापमान. सुरुवातीचे दोन महिने मी दिव्याकडे बघत समोर बसून राहायचे. मग लक्षात आलं की एवढ्या वेळात चहा होतो. तेव्हापासून बटण आणि स्टॉपवॉच एकदम दाबायचं, स्टॉपवॉच गळ्यात अडकवून स्वयंपाकघरात जायचं, आलं किसून दोघींचा चहा करायचा, तो घेऊन यायचं. येईपर्यंत दिवा विझलेला असायचा किंवा विझण्याच्या बेतात असायचा. स्टॉपवॉच थांबवायचं, लिहायचं. पद्धत निर्दोष आहे असं मला वाटत होतं.

दर शनिवारी मी तौफिकभाईंच्या दुकानात जायचे. तौफिकभाई माझ्याच वयाचे. त्यांचं घराणं तंबोरे बनवणाऱ्यांचं. माझ्या प्रबंधातले सगळे भोपळे त्यांच्या चाचांच्या कारखान्यातले. स्वतः तौफिकभाईंनी मात्र संगणकाचं दुकान टाकलं होतं. लाकूडकाम त्यांच्या हाताला लागत नाही, असं चाचा म्हणत. चाचांच्या कानाला कुणाचंच काम पसंत पडत नाही, असं तौफिकभाई म्हणत.

"या मॅडम. आज घेणार नाही ते माहीत आहे. बसा."

"एकशेवीस जीबीची काय चालू आहे?"

त्यांनी भाव सांगितला. मी मोबाइलवर भागाकार केला. सत्तेचाळीस रुपये जीबी.

"घ्या की ओ आता," तौफिकभाई म्हणाले. "चाचांकडं गायिका येतात, चाळीस भोपळे मांडलेले असतात, टकटक वाजवून तासाभरात एक उचलतात. जन्मभराचा तंबोरा असतोय त्यो. तुम्हाला पाच वर्षांची डिस्क ठरवायला दोन वर्षं?"

"भोपळ्याचा भाव दर महिन्याला उतरत नाही."

"बरोबर. आणि समजा उतरला असता, तर मिरजेत गाणंच झालं नसतं."

बाहेर पडताना त्यांनी हाक मारली. "मॅडम, एक विचारू? माईंना सांगू नका. तुमच्या आलेखात ही रेषा सपाट कधी होणार, अंदाजे?"

"पुढच्या वर्षाच्या मध्यावर."

"आणि परबंध कधी द्यायचाय?"

"तीस जूनला. यंदा."

"हां," तौफिकभाई म्हणाले आणि गिऱ्हाईक नसताना काउंटर पुसायला लागले.

मे महिन्याच्या मध्यावर मी चार दिवस कोल्हापूरला पेपर तपासायला गेले. परत आले तेव्हा घर जागच्या जागी होतं. फक्त माई बदलल्या होत्या. एकाएकी त्यांना माझ्या वहीत रस वाटायला लागला होता. सकाळी मी चहाचे कप घेऊन टेबलाशी आले की त्या मागोमाग यायच्या.

"आज किती गं?"

"नऊ मिनिटं बारा सेकंद."

"अरे वा. काल?"

"आठ पंचावन्न."

"वाढलं की. उन्हाळ्यानं असेल का?"

"शक्य आहे," मी गंभीरपणे म्हणाले. "खोली एकतीस अंशावर गेली होती."

"लिही, लिही. तापमानसुद्धा लिही," म्हणत माई पदर तोंडाशी नेऊन खिडकीकडे वळायच्या. मला वाटलं, त्यांना खोकला झालाय. मी सुंठ आणून ठेवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या एकदा न राहवून म्हणाल्या, "विनया, प्रबंधाचं काय चाललंय?"

"करतेय. फायली उघडायला फार वेळ लागतो."

"अजूनही?"

"अजूनही म्हणजे? डिस्क तीच आहे ना."

माईंनी माझ्याकडे पाहिलं. एक्स्चेंजमध्ये एखाद्या लाइनवर दोन्हीकडचे गप्प बसले की ऑपरेटर जसा कान देत असेल, तसं काहीतरी त्या पाहण्यात होतं. या वेळी त्यांनी पदर तोंडाशी नेला नाही.

दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला बेल वाजली. दारात हेर्लेकर सर. हातात एक गुंडाळी.

"माईंनी फोन केला होता," सर म्हणाले. "म्हणाल्या, फणसाचे गरे आहेत, या."

आमच्याकडे फणस आलाय हे मला तेव्हा कळलं.

सर जुलैत निवृत्त होणार होते. विद्यार्थी त्यांचा गौरवग्रंथ काढत होते आणि गुंडाळीत त्याच्या मुखपृष्ठाचा नमुना होता. सरांनी तो जेवणाच्या टेबलावर उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. निळ्या कागदावर तंबोऱ्याची आकृती आणि तिच्यावरून तिरपी जाणारी एक पांढरी रेष. रेषेवर अकरा ठिपके.

"ओळखलंस?"

न ओळखून कसं चालेल? विभागात तिला हेर्लेकरांची रेष म्हणत. एकोणनव्वद साली सरांनी अकरा भोपळे मोजले होते. भोपळ्याची भिंत जितकी जाड, तितका तंबोऱ्याचा स्वर जास्त वेळ रेंगाळतो, असं त्या रेषेचं म्हणणं. माझा प्रबंध म्हणजे तेच काम मोठ्या प्रमाणावर: शेचाळीस भोपळे.

"मंगळवारी छापायला जाणार," सर म्हणाले. "त्याआधी तुझं प्रकरण मिळालं तर तुझे शेचाळीसही टाकू रेषेवर. अकरा काय, बोटांवर मोजण्यासारखे. शेचाळीस म्हणजे भक्कम झालं काम."

"सर, संगणक फार हळू आहे हो. फायली उघडायलाच..."

"नऊ मिनिटं लागतात नुसता चालू व्हायला," माई मधेच म्हणाल्या. "वही आहे तिची. तारीखवार. सरांना दाखव ना, विनया. प्रत्यक्षच दाखव. सर, तुमच्या घड्याळात सेकंदकाटा आहे ना?"

"आहे तर."

मला त्यांचा उत्साह समजला नाही, पण हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. उलट बरंच होतं. साक्षीदार मिळत होता. आम्ही तिघं संगणकासमोर बसलो. सरांनी मनगट पुढे केलं. मी बटण दाबलं आणि सवयीनं उठायला लागले.

"कुठे चाललीस?" माई म्हणाल्या.

"चहा."

"चहा मी आधीच केलाय. बैस."

मी बसले. दिवा लुकलुकला. आतून जुन्या डिस्कचा ओळखीचा खरखर आवाज आला. मग पडद्यावर निळा रंग आला, चित्रं आली, घड्याळ आलं. दिवा विझला.

"एकोणीस सेकंद," सर म्हणाले.

मी पडद्याला हात लावून पाहिला. का, ते आजही सांगता येणार नाही.

"काहीतरी चुकतंय," मी म्हणाले. "काल नऊ मिनिटं आठ सेकंद होती. परवा नऊ सतरा."

सरांनी वही ओढून घेतली आणि पानं उलटली. "तू मोजतेस कसं?"

मी पद्धत सांगितली. बटण, स्टॉपवॉच, आलं, चहा, कप, परत. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे," सर शांतपणे म्हणाले, "तू चहा मोजत होतीस."

माईंनी आता पदर बिदर काही घेतला नाही. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "सतरा मेला बसवली तौफिकनं. तू कोल्हापुरात होतीस. जुनी आतच ठेवलीय जोडून, म्हणून ती कुरकुरते. आम्ही पैज लावली होती. तो म्हणाला, मॅडमना पहिल्याच दिवशी कळेल. मी म्हटलं, आठवडा जाईल. आज बावीस दिवस झाले. दोघंही हरलो."

"माई, भाव काय होता?"

"सत्तेचाळीस. आणि परवा तो म्हणाला, पंचेचाळीस झालाय. तुझ्या आलेखाप्रमाणे मी चुकीच्या दिवशी घेतली. तेव्हापासून माझं जेवणावरून मन उडालंय बघ."

सरही हसत होते. "विनया, हा निबंध लिहायला हवा. आल्याच्या चहाला लागणारा वेळ आणि खोलीचं तापमान. एकोणतीस ते एकतीस अंशांत काही फरक नाही, असं दिसतंय."

मीही हसले. हसण्यासारखंच होतं. आठ वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत होते की आपण काय मोजतोय ते आधी ठरवा.

हसू ओसरल्यावर माई म्हणाल्या, "पण एक मला कळलं नाही. चहाचं समजू शकते मी. किमतींची फाइल एवढीशी, ती आधीही पटकन उघडायची. पण त्या आवाजाच्या फायली? वीस मिनिटांच्या जागी अर्ध्या मिनिटात उघडत असतील आता. एकदा जरी उघडली असतीस, तरी खुर्चीतून उडाली असतीस." त्यांचा आवाज चेष्टेचा राहिला नव्हता. "बावीस दिवसांत एकदाही नाही उघडलीस, विनया?"

स्टॉपवॉच अजून गळ्यात होतं. ते मी उगाच शून्यावर आणलं.

"वेळ मिळाला नसेल," सर म्हणाले. सर तसेच होते. "चल, आता उघड. बघू तरी या यंत्राची करामत. शेवटचा आलेख कुठवर आलाय?"

मी फोल्डर उघडला. शेवटच्या आलेखाच्या फायलीवर तारीख होती: चोवीस ऑक्टोबर दोन हजार बारा. त्या वर्षीचा दसरा. त्या दुपारी शेचाळिसाव्या भोपळ्याचे आकडे भरून मी तो आलेख एकदाच पाहिला होता. बंद केला होता. आणि त्याच आठवड्यात एसएसडीच्या किमतींचा आलेख सुरू केला होता.

फाइल उघडायला किती सेकंद लागले ते मी मोजलं नाही. लवकर उघडली.

पडद्यावर शेचाळीस ठिपके होते. वर, खाली, मधे, कडेला. अंगणात मूठभर हरभरे फेकावेत तसे. जाड भिंतीचे भोपळे वरही होते आणि तळालाही. त्यांच्यातून काढता येईल अशी एकही रेष नव्हती.

सर पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

माईंना पदार्थविज्ञान येत नव्हतं, पण टेबलावरच्या निळ्या कागदाकडून पडद्याकडे आणि पडद्याकडून परत कागदाकडे त्यांची नजर गेली तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी फोन केला होता सुनेला टोचायला. हे कुठे जोडलं गेलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सर, गरे आणते," त्या घाईनं उठल्या. "फार गोड निघालाय फणस."

"बसा माई," सर म्हणाले. मग मला, "मोजमापात चूक?"

"तीनदा मोजलंय, सर. पहिला सेट, दुसरा सेट, आणि मग चाचांच्या माणसाकडून वेगळा. त्याला काय शोधतोय ते सांगितलं नव्हतं."

"तारा?"

"सगळीकडे त्याच. तारांखालचे ब्रिजही एकाच हातानं घासलेले."

सरांनी मान हलवली. हे सगळे प्रश्न त्यांनीच मला शिकवलेले होते, त्याच क्रमानं.

"दोन वर्षं तुला माहीत आहे."

"हो सर."

"आणि तू काय करत होतीस?"

"भाव उतरायची वाट बघत होते."

सरांच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण ते हसले नाहीत. बाहेर रस्त्यावर रिक्षेचा भोंगा ऐकू आला आणि विरला. सर पडद्याकडे वळले. मग त्यांनी तर्जनी उचलली आणि काचेला न लावता डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवली: एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, मधले सोडत, तिसऱ्यावर, पुढचे चार सोडत, चौथ्यावर. मी मनातल्या मनात मोजत होते. अकरा झाले तेव्हा बोट थांबलं. ठिपके एका सरळ रेषेत होते.

"यातले अकरा निवडले," सर हलक्या आवाजात म्हणाले, "तर रेष येते."

तो प्रश्न होता, सूचना होती, की एकोणनव्वद सालाबद्दलचं काही होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मी कधी विचारलं नाही. मला एवढंच दिसत होतं की त्यांच्या सहीशिवाय माझा प्रबंध पुढे जात नाही, तीस तारखेला बावीस दिवस उरलेत, आणि ते माझ्याकडे बघत नाहीयेत. माईंचा हात अर्धवट कानाकडे गेला होता.

मी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून टेबलावर ठेवलं.

"सर," मी म्हणाले, "मी प्रबंध तीस तारखेच्या आत देणार आहे. सगळे शेचाळीस ठेवून."